आमच्यातले चौथे, मिस्टर गोटे

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. अशा प्रत्येक लेखाची सुरुवात याच वाक्याने होते हे मला ठाऊक आहे, पण माझ्याकडे साक्षीदार आहेत. आपल्या मंडळाच्या गणपतीत 'अंधश्रद्धा आणि आपण' या विषयावर मी पंचेचाळीस मिनिटं बोललो होतो. शेवटी हॉलमध्ये माझी बायको आणि झोपलेले खजिनदार एवढेच उरले होते. पण बोललो होतो!

त्यामुळे ही हकिगत गेली अकरा वर्षं मी फक्त घरात सांगतो. मुलांना ती पाठ आहे. मी एखादी गोष्ट गाळली की आतल्या खोलीतून आवाज येतो, "डॅड, यू फर्गॉट द डोअर!" यंदा पहिल्यांदाच बाहेर सांगतोय... त्याचं कारण शेवटी येईल.

१९७८ सालचा मे महिना. आम्ही सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगला राहत होतो. मी स्टीलवर्क्समध्ये इंजिनियर, वय तेहतीस, वजन विचारू नका. माझी बायको सुनंदा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. तिचा धाकटा भाऊ श्रीकांत युनीत पीएच.डी. करत आमच्याकडेच राहायचा. आणि फ्रेडी डिमेलो — मूळचा वसईचा, माझ्याच खात्यातला, माझा जवळचा दोस्त. फ्रेडीला डोंगर तुडवण्याचं वेड होतं. त्याने स्नोई माउंटन्समधली एक दरी शोधून काढली होती. लेम डॉग क्रीक. गाडी ठेवायची, चार तास चालायचं, खिंड ओलांडून खाली उतरायचं. तिथे पूर्वीच्या गुराख्यांनी बांधलेली एक पत्र्याची झोपडी आहे, तिच्यात रात्र काढायची आणि रविवारी परत.

"आणि तिथे काय आहे?" मी विचारलं.

"काहीच नाही," फ्रेडी अत्यानंदाने म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी सुनंदा दशम्या लाटत होती. सहज म्हणाली, "किती जण जाताय?"

"तिघं."

लाटणं थांबलं. "तिघांनी निघायचं नाही."

सुनंदा कराडची. तिच्या माहेरी हा पक्का नियम. तिघांनी मिळून कुठे निघू नये, आणि निघायचंच असेल तर चौथा म्हणून सुपारी नाहीतर एखादा दगड बरोबर घ्यावा. त्या चौथ्याला माणसासारखं वागवायचं, त्याच्या वाट्याचं त्याला द्यायचं. आणि सगळे परत घरात पाऊल टाकेपर्यंत, कोणीही विचारलं तरी 'चार'च म्हणायचं.

"ताई, तू मायक्रोबायॉलॉजिस्ट आहेस," श्रीकांत म्हणाला.

"मग? हात धुताना जंतू दिसतात का तुला? तरी धुतोस ना?"

यावर पीएच.डी. हात धुवायला गेली.

सुपारी घरात नव्हती. मग तिने ओट्यावरचा लसूण ठेचायचा गोटा उचलला. काळा, गुळगुळीत, पाऊण किलोचा. कराडच्या संगमावरचा हा गोटा तिने लग्नानंतर साडीत गुंडाळून इथे आणला होता. सिडनी एअरपोर्टवर कस्टम्सवाल्याने "हे काय?" विचारलं तेव्हा "किचन मशीन" असं शांतपणे सांगून. कितीही धुतला तरी त्याला लसणाचा वास यायचाच. तो तिने माझ्या सॅकमध्ये घातला. वर फॉइलमध्ये बांधलेली दशम्या-चटणीची चार पुडकी. "चौथं त्याचं आहे," माझ्याकडे रोखून बघत ती म्हणाली. आमच्या लग्नाला तेव्हा सात वर्षं झाली होती, ती मला ओळखून होती.

शनिवारी सकाळी वाट सुरू होते तिथे गाडी लावली. तिथे लाकडी पेटीत एक वही असते. किती जण, कोण, कधी परतणार, ते लिहायचं. मी '४' लिहिलं.

"अरे मोघ्या, चौथ्याचं नाव काय?" फ्रेडी म्हणाला.

मी झोकात लिहिलं — मिस्टर गोटे. आम्ही तिघंही खूप हसलो. ते हसणं मला पुढे महागात पडलं.

चालण्याबद्दल फार सांगत नाही. फ्रेडी पुढे शीळ घालत, श्रीकांत मध्ये, आणि मागून इंजिनाचा आवाज येतो तो मी. दर अर्ध्या तासाने श्रीकांत मागे वळून म्हणायचा, "दाजी, गोटे दमले असतील, थांबू या का?" आणि मी गोट्यांच्या वतीने होकार द्यायचो.

दरीत उतरलो तेव्हा चार वाजले असतील. ऊन डोंगराच्या शेंड्यावर होतं, खाली नव्हतंच. थंडी अशी की खाली ठेवलेल्या मगमधल्या पाण्यावर बघता बघता साय धरली. हवा हलत नव्हती, पक्षी नाही, ओढ्याचासुद्धा आवाज दबलेला. झोपडी एका खोलीची. शेकोटीची जागा, फळ्यांची चार बाकडी, आणि दाराला आतून लाकडी अडसर.

जेवलो. चौथ्या बाकड्यावर श्रीकांतने गोटा ठेवला, शेजारी त्याचं पुडकं ठेवलं आणि नमस्कार करून म्हणाला, "गोटेसाहेब, सावकाश होऊ द्या." चौथं पुडकं सकाळी नाश्त्याला आपण खायचं, हा बेत मी तेव्हाच केला होता. खोटं कशाला बोलू?

मी अडसर लावला आणि दाराला पाय टेकून जमिनीवरच झोपलो, कारण बाकडं मला पुरेना. मी एकदा झोपलो की मला हलवायला खात्यातली क्रेन लागते. माझ्यावरून गेल्याशिवाय दार उघडणं शक्य नव्हतं.

रात्री काहीही झालं नाही. हे मुद्दाम लिहितो. आवाज नाही, सावली नाही, स्वप्नसुद्धा नाही.

सकाळी उठलो तर चौथं बाकडं रिकामं. गोटा नाही, पुडकं नाही.

"मोघ्या, हावरटा!" फ्रेडी ओरडला.

"मी नाही खाल्लं!"

"दाजी, तुम्ही काल दोनदा तिकडे बघत होतात," श्रीकांत म्हणाला.

"दशम्या खाल्ल्या असं समज. दगडसुद्धा मीच खाल्ला का?"

सगळ्या सॅक उलट्या केल्या. शेकोटीची राख चाळली. मग माझ्या लक्षात आलं — अडसर जागच्या जागी होता. मी तो काढला, दार ढकललं.

बाहेर सगळी दरी पांढरी. बर्फ नव्हे, फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेलं दव. गवताच्या पात्यापात्यावर पिठीसाखर भुरभुरवल्यासारखं. ऊन अजून आलं नव्हतं. आणि झोपडीभोवती, जिथवर नजर जाते तिथवर, त्या पांढऱ्यावर एकही खूण नव्हती. माणसाची नाही, जनावराची नाही, पाखराची नाही. मी एक पाऊल टाकलं तर करकर आवाज झाला आणि हिरवा ठसा उठला. तो तेवढाच एक.

आम्ही तिघांनी ते पाहिलं. फ्रेडीने छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, "माझ्या आईची शपथ, मी नाही." फ्रेडी आईची खोटी शपथ घेणाऱ्यातला नव्हे.

परतताना कोणी शीळ घातली नाही. मला मात्र एकच काळजी — सुनंदाला काय सांगू? माहेरचा गोटा हरवला!

गाडीपाशी पोचलो तेव्हा बारा वाजले होते. तिथे पार्कचा रेंजर वही उघडून उभा. उंच, लाल चेहऱ्याचा, शांत माणूस.

"गुड डे. चौघं ना तुम्ही?" त्याने आमच्या मागे वाटेकडे पाहिलं. "चौथा मागे आहे का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी घसा साफ केला.

"त्याचं असं आहे... चौथा हा माणूस नाही. तो दगड आहे."

रेंजरने पुन्हा वहीत पाहिलं.

"आमच्यात तशी पद्धत आहे. गंमत म्हणून नाव लिहिलं."

"बरं. दाखव दगड."

"तो... रात्री हरवला."

आता तुम्हीच सांगा. तीन परदेशी माणसं, डोळे तारवटलेले, सांगताहेत की आमच्याबरोबरचा चौथा हा दगड होता आणि तो रात्री कुठेतरी गेला. मी रेंजर असतो तर मीसुद्धा तेच केलं असतं. त्याने वही मिटली आणि हलक्या आवाजात विचारलं, "मेट, काल रात्री इथे उणे आठ होतं. तुम्ही त्याला कुठे सोडलंत?"

हा प्रश्न विचारताना त्याच्या डोळ्यांत जे होतं, ते मी विसरलेलो नाही. आम्ही एका माणसाला त्या थंडीत टाकून आलो आहोत, असं त्याला वाटत होतं.

त्याने वायरलेसवरून कळवलं आणि आम्हाला जवळच्या गावातल्या पोलीस स्टेशनात नेलं. स्टेशन म्हणजे एक खोली, एक हीटर आणि एक सार्जंट. मी सगळं पुन्हा सांगितलं. सार्जंटने डोकं खाजवलं. "सोपं आहे," तो म्हणाला, "तुझ्या मिसेसला विचारू या. घरातून किती निघाले ते तिला माहीत असेल."

मी सुटकेचा निःश्वास टाकला! नंबर दिला. फोन लागला.

"मिसेस मोगी? घाबरू नका, तुमचे मिस्टर इथे ठीक आहेत. फक्त एक सांगा, शनिवारी तुमच्या घरातून किती जण निघाले?"

खोली एवढीशी. पलीकडचा सुनंदाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

"फोर."

मी टेबलावरून फोनकडे झेप घेतली. "अगं खरं सांग! तीन म्हण!"

"घरी या आधी," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सार्जंटने वायरलेस उचलला. जवळच्या फार्मवरचे दोन घोडेस्वार आणि रेंजर दीड वाजता लेम डॉग क्रीककडे निघाले. चौथ्या माणसाला शोधायला. आणि चौथा माणूस नाही हे जगात फक्त आम्हा तिघांना आणि सुनंदाला माहीत होतं.

ती दुपार! श्रीकांत भिंतीला टेकून म्हणाला, "दाजी, माझा व्हिसा..." फ्रेडी म्हणाला, "आपल्या मूर्खपणापायी त्या घोडेवाल्यांचं काही बरंवाईट झालं तर?" मला तेच खात होतं. बाहेर ऊन उतरत चाललं होतं. दुसरी रात्र पडत होती, आणि तीन भली माणसं माझ्या एका विनोदासाठी त्या दरीत हिंडत होती.

पावणेपाच झाले असतील. वायरलेस खरखरला.

"सापडला. जिवंत आहे."

आम्ही तिघं उभे राहिलो. श्रीकांतने माझा दंड धरला तो अजून आठवतो.

"पण हा त्यांचा माणूस नाही," आवाज म्हणाला. "हा आपला म्हातारा आल्फ आहे."

आल्फ म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेला एकटा माणूस. दरीच्या पलीकडच्या बाजूने, कोणाला न सांगता, वहीत न लिहिता मासे पकडायला गेलेला. शनिवारी दुपारी झोपडीच्या खाली, अर्ध्या मैलावरच्या घळीत घसरला आणि पाय मोडला. त्याची वाट बघणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तो नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आमच्यासाठी शोध निघाला नसता तर दुसरी रात्र त्याने काढली नसती, असं नंतर डॉक्टर म्हणाले.

त्याच्या मांडीवर एक काळा गोटा होता. शेजारी फॉइलचा कागद, रिकामा.

त्या रात्री आम्हाला सोडलं, पण शोध थांबला नाही, तो आता निराळ्याच कारणाने. स्ट्रेचरवरून आल्फ सगळ्यांना एकच सांगत होता — तो इंडियन कुठे आहे? तो मदत आणायला गेलाय, त्याला शोधा. म्हणजे चौथा होता, याला आता साक्षीदारही मिळाला! आणखी एक दिवस शोध चालला. काही सापडलं नाही.

सोमवारी आमच्या घरी कॉन्स्टेबल आला. सुनंदाने त्याला चहा दिला.

"मिसेस मोगी, किती जण गेले होते?"

"थ्री."

"काल तुम्ही फोर म्हणालात!"

"काल ते घरी आले नव्हते."

कॉन्स्टेबलने श्रीकांतचे, फ्रेडीचे, माझे पासपोर्ट पाहिले, दुसरा कोणी इंडियन हरवल्याची तक्रार कुठेच नाही याची खात्री केली, आणि चहा संपवून वही मिटली. म्हाताऱ्याला थंडीने भास झाला, असं ठरलं.

पुढच्या शनिवारी सुनंदा आणि मी आल्फला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो. किडकिडीत माणूस, निळे डोळे, पाय टांगलेला. खाटेशेजारच्या कपाटावर गोटा. मी मनाशी ठरवलं होतं, या माणसाला तरी खरं सांगायचं.

"आल्फ, आमच्याबरोबर चौथं कोणी नव्हतं. हा दगडच आमचा चौथा होता."

आल्फ हसला. "मेट, माझा पाय मोडलाय, डोकं नाही. दगड त्याने मला धरायला दिला. गरम होता, भट्टीतून काढल्यासारखा. तो माझ्या शेजारी बसला होता. चेहरा नीट दिसला नाही. पण लसणाचा वास... बापरे! आणि ती भाकरी. इतकी तिखट की मी मेलो असतो तरी उठून बसलो असतो."

सुनंदाने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, कळलं नाही.

"मला झोपू देत नव्हता," आल्फ म्हणाला. "डोळा लागला की विचारायचा, 'किती जण आहात?' मी म्हणायचो, 'एकटाच आहे.' तर म्हणायचा, 'नाही. दोन म्हण.' रात्रभर तेच. 'किती जण?' 'दोन म्हण.' शेवटी मी दोन म्हणायला लागलो. उजाडल्यावर म्हणाला, आता माणसं येतील. आणि उठून गेला."

सुनंदाचा हात माझ्या मनगटावर घट्ट बसला होता. तो नियम तिने आम्हा तिघांशिवाय कोणालाही सांगितला नव्हता. पोलिसांना मी फक्त दगडाचं सांगितलं होतं, 'म्हणण्या'चं नाही — तेवढी अक्कल मला होती.

निघताना मी गोट्याकडे हात केला. सुनंदाने मला थांबवलं. "त्यांना विचारा, घरी कोण असतं?"

मी विचारलं. कोणी नाही, आल्फ म्हणाला.

"मग राहू दे," ती म्हणाली.

वर्षभर ती वाटीच्या बुडाने लसूण ठेचत होती. मग मिक्सर आला.

१९८६ मध्ये एक पार्सल आलं. आल्फ ज्या वृद्धाश्रमात होता तिथल्या मेट्रनने पाठवलेलं. आल्फ झोपेत गेला, कसलाही त्रास झाला नाही, आणि हा दगड तुम्हाला पाठवावा असं त्याने सांगून ठेवलं होतं. पत्राच्या शेवटी तिने एक ओळ लिहिली होती. रात्रपाळीची नर्स खोल्यांमधून माणसं मोजत जायची. आल्फ त्याच्या खोलीत एकटाच होता, पण नर्सने दारातून विचारलं की तो दर वेळी म्हणायचा, 'टू.'

मी गोटा हुंगला. आठ वर्षं एका ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याकडे राहिला होता, जिथे लसूण औषधालाही नसेल. वास होता.

मी इंजिनियर आहे. उंदीर, पॉसम, झोपेत चालणं, थंडीने होणारे भास — सगळं तपासून झालंय. उंदीर पाऊण किलोचा दगड नेत नाही. पॉसम अडसर लावून जात नाही. आणि आल्फला झालेल्या भासाने आमच्या घरचा नियम त्याला कसा सांगितला, हे मला अजून कोणीही समजावून दिलेलं नाही. कोणाला जमत असेल तर घरी या. चहा देऊ, दशम्याही.

आता यंदाच का लिहितोय ते. आमची मीरा सोळा वर्षांची झाली. गेल्या शुक्रवारी ती आणि तिच्या दोन मैत्रिणी एका रात्रीसाठी डोंगरात कॅम्पिंगला निघाल्या. सुनंदा दशम्यांची चार पुडकी बांधत होती. "मम, प्लीज, डोन्ट," मीरा म्हणाली. तरी जाताना खिडकीतला गोटा तिनेच उचलून सॅकमध्ये टाकला.

त्या गेल्या आणि फोन वाजला. सुनंदाचे हात पिठात होते, म्हणून मी घेतला. मैत्रिणीची आई होती, काळजीत. "मी कामावर होते, म्हणून विचारते," ती म्हणाली, "मुली किती जणी निघाल्या?"

मी सुनंदाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती पुडकी बांधून उरलेली कणीक झाकत होती.

पंचेचाळीस मिनिटं अंधश्रद्धेवर बोललेला माणूस मी. घसा साफ केला.

"फोर," मी म्हणालो.